निघण्याची बेगमी

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले रामनगर हे गाव मुळात निघून आलेल्या माणसांचे आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा होते, तालुक्याचे ठिकाण. १९७४ मध्ये काळीवर धरणाचे काम सुरू झाले. १९८७ पर्यंत १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब भिंत उभी राहिली, आणि सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार जोयड्याला हलला. जुन्या सुपा परिसरातली कितीतरी घरे लोंढ्याजवळ, बेळगाव-गोवा रस्त्यावर रामनगरला येऊन वसली. आज या रस्त्याने गोव्याला जाणाऱ्यांना रामनगर म्हणजे घाटाआधीचा चहा एवढेच ठाऊक असते. पण इथल्या जुन्या पिढीने एकदा आख्खे गाव आवरून सोडले आहे.

तेव्हा आवरायला वर्षे मिळाली होती. धरणाचे पाणी एका रात्रीत दारात येत नाही. आधी मोजणी होते, नोटिसा येतात, भरपाईचे कागद होतात. काय न्यायचे आणि काय पाण्याला द्यायचे याचा विचार करायला वेळ असतो. तो विचार जिवावर येतो ही गोष्ट वेगळी. आता या मुलखात ज्या आपत्ती येतात त्या वर्षे देत नाहीत. दरड काही क्षणांत येते. ओढ्याचा लोंढा काही मिनिटांत येतो. त्या मिनिटांत हात कुठे जाईल आणि काय उचलेल, हे आधी ठरलेले नसेल तर माणूस हाताला लागेल ते उचलतो किंवा दारात उभा राहतो. म्हणून हा लेख एका पिशवीविषयी आहे. प्रत्येक घरात दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी अशी ही पिशवी आहे.

याच जिल्ह्यातले दोन दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १६ जुलै २०२४ रोजी सकाळी अंकोला तालुक्यात शिरूरजवळ राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर खाली आला. रस्त्याकडेची चहाची टपरी, थांबलेली वाहने, माणसे, सगळे मातीखाली किंवा गंगावळी नदीत गेले. एक मालमोटार आणि तिच्या चालकाचा देह नदीच्या तळातून बाहेर काढायला सप्टेंबर अखेर उजाडली. दुसरा दिवस २ ऑक्टोबर २००९. कारवारजवळ कडवाडला दरड घरांवर कोसळली आणि १९ माणसे गेली. ही तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ऑक्टोबर लागला की आपण पावसाळा संपला असे धरून चालतो. छत्र्या माळ्यावर जातात. त्या वर्षी परतीच्या पावसाने माणसांना ऑक्टोबरात गाठले.

रामनगर अंकोल्यासारखे नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. हे गाव कापलेल्या कड्याखाली वसलेले नाही, समुद्रही दूर आहे. इथला खरा धोका तुटून पडण्याचा आहे. पश्चिमेला अनमोडचा घाट. २०२५ च्या जुलैत तिथे दूधसागर मंदिराजवळ रस्ता खचला आणि अवजड वाहने बंद करावी लागली. जोयड्याहून कारवारला जायचे तर अणशीचा घाट. तिथे २०२१ च्या जुलैत दरडी कोसळल्या. रेल्वे कॅसलरॉकवरून ब्रागांझा घाटात उतरते. २३ जुलै २०२१ रोजी त्याच घाटात दूधसागर आणि सोनावळी या स्थानकांच्या मध्ये दरडीमुळे प्रवाशांनी भरलेल्या गाडीचे डबे रुळावरून घसरले. कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत कॅसलरॉकचे नाव घेतले जाते, आणि भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे दाट जंगल. एक मोठे झाड तारांवर पडले की वीज गेली. वीज गेली की काही तासांत मोबाईलचा मनोरा मुका झाला. जिल्ह्याचे ठिकाण कारवार शंभरेक किलोमीटरवर, घाटापलीकडे. रामनगरची ही गत, तर डिग्गी, बाजारकुणंग, आखेती या बाजूच्या विखुरलेल्या वाड्यांची काय असेल?

तेव्हा इथल्या घराने दोन प्रसंगांची तयारी करायची आहे. एक, घर शाबूत आहे पण तीन-चार दिवस वीज, रस्ता, फोन काही नाही. दोन, घर आत्ताच्या आत्ता सोडायचे आहे.

पहिल्या प्रसंगाची तयारी या मातीला नवी नाही. सह्याद्रीच्या या बाजूला मे महिना हा बेगमीचाच महिना. तांदूळ भरून ठेवायचा, सरपण फोडून पडवीत रचायचे, आमसुले, फणसाच्या आठळ्या, सांडगे, पापड, सुके बांगडे डब्यात घालायचे, कौले चाळायची. जोयड्याच्या कुणबी घरांत सुरण, करांदे, कणगी यांसारख्या कंदांची लागवड आजही टिकून आहे, आणि परसातला कंद म्हणजे वाहून आणावी न लागणारी शिधासामग्री. गोव्यात या तयारीला पुरुमेंत म्हणतात आणि त्यासाठी मे महिन्यात बाजार भरतात. चार महिने घरातून बाहेर पडता येणार नाही, असे गृहीत धरून रचलेली ही व्यवस्था होती, आणि ती शहाणपणाची होती. दुकाने जवळ आली, गॅस आला, तशी ती विरळ झाली. जिथे उरली आहे तिथे ती जपा. जिथे गेली आहे तिथे निदान आठवड्याचे धान्य, एक जादा सिलिंडर किंवा कोरडे सरपण, आणि झाकणाच्या कॅनमध्ये पाणी एवढे तरी ठेवा.

पण ती सगळी बेगमी घरात राहण्याची आहे. तांदळाची कणगी उचलून कुणी डोंगर उतरत नाही. निघण्याची बेगमी आपण कधी केली नाही, आणि गेल्या काही वर्षांत मराठी मुलखाला त्याचीच किंमत मोजावी लागली. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात पाणी इतक्या वेगाने चढले की माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी माळ्यावर आणि गच्चीवर गेली. सगळीकडे पाणी, आणि प्यायला घोट नाही, अशा अवस्थेत त्यांना तासन् तास बसावे लागले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली. रस्ते पाण्याखाली, संपर्क तुटलेला, मदत पोचायला वेळ लागला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गाडली गेली, तेव्हा बचावपथकांना अंधारात पावसात डोंगर पायी चढावा लागला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात कित्येक गावांत आठवडे लोटले तरी वीज आली नव्हती, आणि सोन्यापेक्षा ताडपत्री मोलाची झाली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ पासून आहे, त्यातले जवान जिवावर उदार होऊन काम करतात. पण त्यांनाही याच घाटांतून यायचे असते. जगभर आपत्तीच्या पिशवीत तीन दिवसांचे सामान ठेवा असे सांगतात ते याच हिशेबाने: पहिले तीन दिवस आपले आपणच.

पिशवी बाजारातून तयार विकत आणायची काही गरज नाही. मुलाची जुनी शाळेची सॅक पुरते. पाठीवर बसली पाहिजे, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, आणि घरातल्या सर्वांत अशक्त मोठ्या माणसाला ती उचलता आली पाहिजे. आत सगळे काही प्लास्टिकच्या जाड पिशव्यांत बांधून. या भागात जुलैत कोरडी काडीपेटी हीच मोठी गोष्ट असते.

पाण्यापासून सुरुवात करू. प्यायला आणि रांधायला माणशी दिवसाला तीन ते चार लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचे ४५ ते ६० लिटर झाले. एवढे पाणी घरात कॅनमध्ये राहील, पाठीवर नाही. म्हणून पिशवीत माणशी एक बाटली आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या. इथे पावसाचे पाणी मुबलक. स्वच्छ ताडपत्री चार टोकांना बांधली की कळशी भरायला वेळ लागत नाही. मात्र ते पाणी असो की ओढ्याचे, खळखळून उकळल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्यायचे आणि मगच प्यायचे. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी थेट पिऊ नका. चांगल्या विहिरीला एरवी हजार लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून तासभर थांबतात; पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला तेवढे पुरत नाही, ती आधी उपसावी लागते. आपल्या विहिरीत किती पाणी असते हे आरोग्य केंद्रातल्या माणसाबरोबर बसून पावसाआधीच काढून ठेवले तर नंतर अंदाजपंचे कारभार होत नाही.

जुलाब हा पुरामागून येणारा पूर आहे. जलसंजीवनीची पाकिटे आठ-दहा ठेवा. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर साखर-मिठाच्या पाण्यावर हजारो माणसांना जगवले. ते ज्ञान आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांत आहे, आणि तरी प्रमाण चुकले की अपाय होतो; म्हणून ते कागदावर लिहून पिशवीत ठेवा.

खाण्याचे फार बोलत नाही. भाजलेले चणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, पोहे, खजूर. आच न लागणारे, आणि घरातली माणसे एरवीही खातात तेच. लहान बाळ असेल तर त्याचे वेगळे.

औषधांवर मात्र थांबायला हवे. आपल्या घरांत आता रक्तदाब आणि मधुमेह नाही असे घर दुर्मीळ. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकणे ही लहान बाब नव्हे. आठवड्याच्या गोळ्या पिशवीत वेगळ्या ठेवायच्या आणि दर महिन्याला नव्या गोळ्या आणल्या की जुन्या आधी वापरून नव्या पिशवीत टाकायच्या, म्हणजे मुदत उलटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना फ्रिज बंद पडण्याची धास्ती असते. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी सावलीत, साधारण २५ अंशांच्या आसपास, बहुतेक प्रकारांत चार आठवडे टिकते. ओल्या वाळूतले मातीचे मडके त्यासाठी चांगले. आपल्या प्रकाराची मुदत डॉक्टरांना विचारून डबीवर लिहून ठेवा. औषधांची नावे, मात्रा, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे एका कागदावर लिहा. आणि रामनगरसारख्या ठिकाणी तो कागद कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावा. घरची आजी मराठी वाचेल. बचावपथकातला माणूस किंवा दवाखान्यातली परिचारिका कदाचित कानडीच वाचेल. सीमेवरच्या गावाला हा शहाणपणा कुणी बाहेरून शिकवायला नको.

सर्पदंशाचे दोन शब्द. पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत घरात, माळ्यावर, सरपणात येतात. पिशवीत ब्लेड आणि घट्ट बांधायची दोरी सर्पदंशासाठी ठेवू नका. कापणे, चोखणे, करकचून आवळणे यांनी नुकसानच होते. माणसाला आडवे करा, दंश झालेला हातपाय हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असते हे पावसाआधी विचारून ठेवणे, हीच त्यावरची घरची तयारी.

उजेड: विजेरी, तिचे जादा सेल, शक्यतो डोक्याला बांधायची. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबाद हादरले तेव्हा पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे कमी होती. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेचा. अंधारात फुटलेल्या कौलांवरून अनवाणी चालावे लागू नये म्हणून चपला आणि विजेरी अंथरुणाशी हव्यात, पिशवीत नव्हे. मेणबत्ती असू द्या, पण गॅसचा वास येत असताना ती पेटवायची नाही. सेलवर चालणारा छोटा रेडिओ आता कुणी घेत नाही. या भागात तो घ्यावा असे मी आग्रहाने म्हणेन. मनोरा बंद पडला तरी आकाशवाणी लागते. एक शिट्टी ठेवा. ढिगाऱ्याखालून किंवा धुक्यातून आवाज लवकर बसतो, शिट्टी बसत नाही.

फोनची भिस्त कमी करा, पण त्याला टाकूनही देऊ नका. बटणांचा साधा फोन एकदा चार्ज केला की दिवसेंदिवस चालतो, तो पिशवीत असावा. रेंज मिणमिणती असेल तेव्हा कॉल लागत नाही, लहानसा संदेश मात्र जाऊ शकतो. महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहा, कारण आता स्वतःच्या मुलाचाही क्रमांक पाठ नसतो. बेळगावला, पुण्याला किंवा गोव्याला असलेला एक नातेवाईक ठरवून ठेवा. ताटातूट झाली तर सगळ्यांनी त्यालाच कळवायचे. आणि रोख पैसे ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. नेटवर्क गेले की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात.

आता कागदपत्रे. पिशवीतला हा सर्वांत हलका आणि विस्थापितांच्या गावात सर्वांत जड भाग. ज्यांची जमीन एकदा पाण्याखाली गेली त्यांना कागदाची किंमत सांगावी लागत नाही. जुना उतारा, भरपाईचा आदेश, पुनर्वसनातल्या जागेचे हक्कपत्र, यांवर घराचे अख्खे अस्तित्व उभे असते, आणि ते बहुधा लोखंडी ट्रंकेत तळाशी, वाळवी लागलेल्या फायलीत असतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने तातडीची मदत म्हणून १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले. अशा यादीत नाव बसवायला घर कुणाचे, खाते कुणाचे, हे दाखवावे लागते. म्हणून मूळ कागद एका पाणीबंद पाकिटात घालून ट्रंकेच्या वरच्या थरात ठेवा आणि पिशवीत त्यांच्या प्रती: आधार, रेशनकार्ड, पासबुकाचे पहिले पान, पहाणी, हक्कपत्र, विम्याची पावती, मुलांच्या गुणपत्रिका. फोनवरून फोटो काढून दूरच्या नातेवाइकाला पाठवा. डिजिलॉकर वापरता येत असेल तर त्यातही ठेवा. घराचे चारही बाजूंनी फोटो पावसाआधी काढलेले असावेत. नंतर पडलेली भिंत आधी उभी होती हे सिद्ध करायला दुसरा साक्षीदार मिळत नाही.

उरलेले सामान भराभर सांगतो: ताडपत्री, पंधरा-वीस मीटर दोरी, चाकू, पातळ कांबळे, प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड, साबण, सॅनिटरी पॅड, जुना चष्मा, मलमपट्टी, जळवांसाठी मिठाची पुडी. कोयता दाराशी असतोच. पडलेली फांदी तोडून वाट काढायला तोच कामाला येतो.

गोठ्याचा प्रश्न कोणत्याही शहरी यादीत नसतो, आणि इथे त्याच्यावाचून यादी अपुरी आहे. २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणि २०२१ मध्ये कोकणात दाव्याला बांधलेली जनावरे जागच्या जागी बुडाली. सुटलेले जनावर बहुधा उंचवटा गाठते. घर सोडायचे ठरले की गोठ्याकडे धावून दावी कापायची हे काम घरात एकाला नेमून द्या, आणि जोराच्या पावसात रात्री दावे सैल, पटकन सुटेल अशा गाठीचे ठेवा. ज्याच्या गायी मागे राहिल्या आहेत तो माणूस परत फिरतो, आणि परत फिरलेली माणसेच बुडतात.

पिशवी कुणाची, हाही प्रश्न आहे. बहुतेक घरांत कागद कुठे हे नवऱ्याला ठाऊक, औषधे कोणती हे बायकोला, फोनची कळ मुलाला. आपत्ती तिघे घरी असताना येईल असे नाही. तिघांनी एकदा एकत्र बसून पिशवी भरली की तिघांनाही सगळे कळते. जपानात १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा आपत्ती-निवारण दिन पाळतात. घरोघर, शाळोशाळी त्या दिवशी सराव होतो, ठेवलेले सामान तपासले जाते. आपल्याकडे मृग नक्षत्र लागण्याआधीचा रविवार आणि दिवाळीची साफसफाई असे दोन दिवस आयतेच आहेत.

पिशवी म्हणजे कवच नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. शिरूरला ज्यांच्यावर डोंगर आला त्यांना कोणतीही पिशवी वाचवू शकली नसती. महामार्गासाठी डोंगर किती आणि कसा कापायचा, उताराला आधार द्यायचा की नाही, धोक्याच्या जागी इशारा द्यायचा की नाही, ही सरकारची आणि ठेकेदारांची जबाबदारी आहे, आणि नागरिकांच्या तयारीच्या गोष्टी सांगून ती कुणी झटकू नये. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी काळीच्या काठच्या शेवटच्या घरापर्यंत, त्या घराला समजेल अशा भाषेत, वेळेवर खबर जाणे हा त्या घराचा हक्क आहे. या नदीच्या पाण्यावर सुपा आणि नागझरीची वीजनिर्मिती केंद्रे चालतात. त्यासाठी गाव सोडलेल्या माणसांच्या घरी अंधारात तरी मदत लवकर पोचावी, ही मागणी फार मोठी नाही.

घराच्या हातात असते ते वेळेवर निघणे. उतारावर जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे किंवा आटणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे, यांतले काहीही दिसले तर कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करा, दावी कापा, पिशवी पाठीला लावा आणि निघा. डोंगर न पडता दुसऱ्या दिवशी परत यावे लागले तर लाज वाटण्याचे कारण नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत एक जुनी सॅक हाती लागेल, तिच्यापासून सुरुवात करा. शेजारी कुणी म्हातारे जोडपे एकटे राहत असेल, मुले पुण्या-गोव्याला असतील, तर त्यांची पिशवीही तुम्हीच भरून द्या. आणि दोन्ही पिशव्यांत ठळक अक्षरांत हे क्रमांक लिहून ठेवा: कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.